दोन पाइप, आठ भोकं: क्रश बॉक्सच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

विद्यार्थी फॉर्म्युला (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) गाडीच्या नाकात बसणारा क्रश बॉक्स, म्हणजे धडकेत स्वतः चेपून ऊर्जा गिळणारा भाग, करायला घेतला आहे. नियमातली अट अशी: ३०० किलोची गाडी सेकंदाला ७ मीटर वेगाने, म्हणजे ताशी साधारण २५ किमीने, भिंतीवर गेली तर ७,३५० ज्यूल ऊर्जा बॉक्सने गिळायची. सरासरी मंदन २० जीच्या (गुरुत्वीय त्वरणाच्या २० पट) वर जायचं नाही, आणि क्षणभराचंसुद्धा ४० जीच्या वर नाही. याचा भारात हिशेब केला की सरासरी ५८.९ किलोन्यूटन आणि पीक, म्हणजे क्षणभराचा सर्वांत मोठा भार, ११७.७ किलोन्यूटन. पुढच्या सगळ्या नोंदी या दोन आकड्यांभोवतीच फिरतात.

माल ठरला तो बाजारात मिळणारा ५० × ५० चा १८ गेज (१.२ मिमी जाड) ईआरडब्ल्यू, म्हणजे लांबीभर वेल्डची शिवण असलेला, चौकोनी पाइप, दोन नग शेजारी-शेजारी, लांबी २५० मिमी. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत कुठल्याही फॅब्रिकेटरकडे हा पाइप पडलेला असतो आणि वेल्डिंगला त्रास देत नाही. सरासरी भाराचं गणित जमतं. अडचण पीकची आहे. सरळ अखंड पाइप पहिली घडी पडेपर्यंत यील्डच्या (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकायला लागतं त्याच्या) पूर्ण जोरावर उभा राहतो. काटछेद २३० चौरस मिमी आणि यील्ड ३०० मेगापास्कल धरलं तर एका पाइपचे ६९ किलोन्यूटन, दोघांचे मिळून १३८. अट ११७.७ ची. म्हणून भोकं पाडायची. भोकाचं पहिलं काम पीक खाली आणण्याचं, आणि दुसरं, तितकंच महत्त्वाचं, घडी कुठून सुरू व्हावी हे ठरवण्याचं.

६ जानेवारी

सहा मीटरची एक लांबी आणली. १.२ मिमी जाडीच्या ५० × ५० पाइपची सहा मीटर लांबी कोपऱ्यांची गोलाई धरून सुमारे १०.९ किलो भरायला हवी. काट्यावर १०.२ भरली. मायक्रोमीटरने भिंत मोजली तर १.१३. बाजारात याला १८ गेजच म्हणतात, पण या कामात ते चालणार नाही. सरासरी भार जाडीच्या ५/३ घाताने बदलतो, म्हणजे जाडी ६ टक्क्यांनी कमी झाली की भार जवळजवळ १० टक्क्यांनी उतरतो. लांबी परत केली. दुसऱ्या दुकानातून वजन करून घेतली, १०.९ किलो भरली. किलोला ८० रुपयांप्रमाणे पावणेनऊशेच्या आसपास गेले.

पाइप घेताना टोकाची जाडी एकाच जागी मोजू नये. चारही भिंती मोजाव्यात आणि वेल्डची शिवण कोणत्या भिंतीवर आहे ते लगेच मार्कर पेनने संपूर्ण लांबीभर आखून घ्यावं. तुकडे कापल्यावर शिवण शोधत बसणं वेळखाऊ असतं. बाहेरून ती घासलेली असते, हाताला लागते ती फक्त आतली कड.

१० जानेवारी

शिवणीच्या समोरच्या भिंतीतून पट्ट्या काढून ताण चाचणी करून घेतली. यील्ड २९५, अल्टिमेट (तुटण्याआधीचा सर्वांत मोठा ताण) ३६५ मेगापास्कल. दोन्हींची सरासरी ३३० हा फ्लो स्ट्रेस, म्हणजे घडी पडतानाचा सरासरी ताण, धरला.

अब्रामोविच आणि जोन्स या संशोधकांचं चौकोनी पाइपच्या सरासरी चेपण्याच्या भाराचं सूत्र: १३.०६ गुणिले फ्लो स्ट्रेस, गुणिले भिंतीच्या मध्यरेषेच्या रुंदीचं घनमूळ, गुणिले जाडीचा ५/३ घात. मध्यरेषेची रुंदी ४८.८ मिमी. उत्तर २१.३ किलोन्यूटन. याच घराण्यातल्या जुन्या सूत्रात १३.०६ च्या जागी ९.५६ आहे, त्याने १५.६ येतात. ते घडीची पूर्ण लांबी चेपली जाते असं धरतं. प्रत्यक्षात घडी ७३ टक्क्यांच्या आसपास बंद होते आणि पुढची सुरू होते, म्हणून मोठा आकडा धरला. एका घडीची लांबी सूत्राने २८ मिमी येते. हा २८ चा आकडा जपून ठेवावा, भोकाची जागा त्यावरूनच ठरते.

१३ जानेवारी

चॉपसॉवर तुकडे कापले, कानस मारून बर (कापताना उरलेली धारदार कड) काढली आणि भोक न पाडता दोन तुकडे यूटीएमवर (मोजून भार देणाऱ्या चाचणी मशिनवर) लावले. वेग मिनिटाला १० मिमी.

पीक आलं ५१ किलोन्यूटन. गणिताने ६८ च्या जवळ यायला हवं होतं. भोक नसताना पीक इतकं खाली आलं तर खूश होऊ नये. गुण्या लावला तेव्हा कळलं की टोक ५० मिमी रुंदीत ०.८ मिमीने तिरकं आहे. भार आधी एकाच कोपऱ्यावर येतो, तो कोपरा एकटा चेपला जातो, मग दुसरा. पीक कागदावर छान खाली दिसतं, पण चौथ्या घडीनंतर पाइप एका बाजूला कलला आणि भार ११ वर येऊन बसला. म्हणजे तिरकं टोक हेही घडी सुरू करणारं एक ट्रिगरच आहे, फक्त तो आपल्या हातात नाही. टोकं सरळ केल्याशिवाय भोकांची तुलना करण्यात काहीच अर्थ नाही: भोकाने किती फरक पडला आणि कापणीने किती, हे वेगळं काढताच येत नाही. भोकांच्या आकाराचा काथ्याकूट करण्याआधी टोकं पाहावीत, या कामातला सगळ्यात मोठा घोळ तिथे होतो.

उद्या संक्रांत, वर्कशॉप बंद.

१७ जानेवारी

टोकांचं फेसिंग, म्हणजे टोकं मशिनवर सपाट करणं. लेथच्या चार जबड्यांच्या चकात पाइप धरला तर आवळताना भिंती आत दबतात. सोडल्यावर भिंत परत फुगते आणि फेस केलेलं टोक पुन्हा वाकडं होतं. टर्नरकाकांनी पाहताक्षणी सांगितलं, "भाऊ, आत ठोकळा घाला आधी, नाहीतर कितीही फेसिंग मारा, उपयोग नाही." त्यांच्याकडच्या ५० मिमीच्या अ‍ॅल्युमिनियम बारमधून आतल्या मापाला हलक्या हाताने सरकेल असा ठोकळा घासून घेतला, ४७.५ मिमीचा, शिवणीच्या आतल्या कडेसाठी एका बाजूला २ मिमी खोल खाच ठेवून. ठोकळा आत घालून तुकडा मिलिंगच्या वाइसमध्ये उभा धरला आणि फेस कटरने ०.३ मिमीचे हलके कट घेतले. प्रत्येक टोकाला ६० रुपये.

तपासणी अशी: सरफेस प्लेटवर तुकडा उभा ठेवायचा आणि चारही बाजूंनी ०.०५ मिमीची फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून पाहायची. कुठेही आत गेली तर तुकडा परत मशिनवर. मग डायल लावून वरच्या टोकाचे चार कोपरे तपासायचे, फरक ०.०५ च्या आत. ठोकळ्याशिवाय केलेल्या तुकड्यांत हाच फरक ०.३ पर्यंत होता.

२० जानेवारी

अखंड तुकड्यांची चाचणी, या वेळी सरळ टोकांची. पीक ६९ आलं, गणिताला धरून. पण भार १३ वर उतरताच मशिनचा पंप बंद पडला. सॉफ्टवेअरमध्ये तुकडा तुटल्याची खूण ओळखणारी सेटिंग असते. भार पीकच्या ठराविक टक्क्यांखाली गेला की तुकडा तुटला असं समजून चाचणी थांबते. ताण चाचणीसाठी ते बरोबर आहे. इथे मात्र पहिली घडी पडताना भार पीकच्या पाचव्या हिश्शावर येणं हा नेहमीचाच प्रकार आहे. ती सेटिंग बंद करून घ्यावी. अर्धवट चेपलेला तुकडा पुन्हा लावून चाचणी पुढे नेऊ नये. भार काढला की घड्या किंचित उघडतात आणि जोडलेल्या आलेखात खोटं शिखर येतं.

मशिनच्या आणखी दोन गोष्टी. वरच्या प्लेटला बॉल सीट (प्लेटला कोणत्याही बाजूला झुकू देणारा सांधा) होती. काँक्रीटच्या घनासाठी ती चांगली, इथे घातक. पहिली घडी एका बाजूला जरा आधी पडली की प्लेट त्या बाजूला झुकते आणि पाइप वाकवते. चारही बाजूंना शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून ती जाम केली. दुसरं, क्रॉसहेडच्या (मशिनच्या सरकणाऱ्या भागाच्या) विस्थापनात मशिनचं स्वतःचं दबणंही धरलेलं असतं. प्लेटींमध्ये भरीव पोलादी ठोकळा ठेवून ७० किलोन्यूटनपर्यंत भार दिला, ०.९ मिमी आलं. ते वजा केलं. ऊर्जेच्या हिशेबात याने फारसा फरक पडत नाही, पण पीक किती मिमीवर आलं हे वाचताना पडतो.

दुरुस्तीनंतरचे अखंड तुकड्यांचे आकडे: पीक ६९, १५० मिमीपर्यंतची सरासरी २१.५, तुकड्याचं वजन ४५२ ग्रॅम, म्हणजे किलोला ७.१ किलोज्यूल. सरासरी आणि पीक यांचं गुणोत्तर ०.३१. सूत्राचा २१.३ आणि मोजलेला २१.५ इतके जवळ आले, याचं श्रेय मोजलेल्या जाडीला आणि मोजलेल्या ताकदीला. १८ गेज म्हणजे १.२ आणि एमएस (साधं मऊ पोलाद) म्हणजे २५० असं धरून चाललो असतो तर हे जमलं नसतं.

चाचणीआधी मार्करने दर १० मिमीवर आडव्या रेषा मारल्या होत्या. चेपल्यावर दोन शिखरांतल्या रेषा मोजल्या की मूळ घडीची लांबी कळते, २७ ते २९ आली. सुईने किंवा स्क्रायबरने रेषा मारू नयेत, पातळ भिंतीत ओरखडासुद्धा घडीला जागा देतो.

२४ जानेवारी

भोकं पाडायला सुरुवात. २० मिमी ड्रिल थेट मारलं तर १.२ मिमीची भिंत आधी आत दबते आणि मग फाटते. भोक गोल न होता तिकोनी होतं आणि भोवती उथळ खळगा पडतो. तो खळगा घातक. भिंतीवरचा अर्धा मिमीचा दाब पीकवर स्वतःचा परिणाम करतो, आणि मग भोकाने काय केलं आणि खळग्याने काय केलं ते कळत नाही. आत सागाचा ठोकळा घट्ट बसवला, आधी ६ चं ड्रिल, मग होल सॉ, आणि फेरे कमी ठेवले. होल सॉची आतली बर अर्धगोल कानशीने काढावी लागते. भोकाचं केंद्र हाइट गेजने आखलं. टोक फेस केल्यानंतरच आखायचं, आधी आखलं तर फेसिंगमध्ये गेलेला मालही मोजमापात येतो.

२९ जानेवारी

भोक मध्यावर. समोरासमोरच्या दोन भिंतींत, १२५ मिमी उंचीवर, २० मिमी व्यासाची दोन भोकं. अनेक अभ्यासांत भोक मध्यावर घेतलेलं असतं, म्हणून पाहून घ्यायचं होतं.

पीक ५५ आलं. ठीक. पहिली घडी भोकाच्या रेषेवरच पडली, तीही ठीक. नंतर मात्र काम बिघडलं. घडीच्या वर आणि खाली शंभराहून जास्त मिमीचे दोन सरळ पाय उरतात आणि मध्ये एक मऊ सांधा तयार होतो. दोन्ही बाजूंची घडी थोडीही पुढे-मागे झाली की वरचा पाय बाजूला सरकतो. एका तुकड्यात असं गुडघ्यासारखं वाकणं सुरू झालं. भार ९ वर आला आणि तुकडा प्लेटवरून निसटायच्या बेतात होता, म्हणून मशिन थांबवलं. दुसरा तुकडा सरळ चेपला गेला. एकाच मापाच्या दोन तुकड्यांची वागणूक अशी वेगळी निघाली तर ते माप बाद. क्रश बॉक्सला एकदाच काम करायचं असतं. चाचणीला मशिनच्या दोन्ही बाजूंना जाळी लावूनच उभं राहावं.

२ फेब्रुवारी

मग भोक टोकाकडे. घडी २८ ची, तिचं शिखर टोकापासून निम्म्यावर म्हणजे १४ मिमीवर येईल, असं धरून केंद्र १४ वर घेतलं. भोक २० चं, त्यामुळे वरच्या कडेशी फक्त ४ मिमीचा पट्टा उरला.

हा ४ मिमीचा पट्टा आधी चेपला गेला आणि आत वळला. तोवर भार ३५ च्या खाली होता. पट्टा संपला, प्लेट भोकाच्या खालच्या अखंड भिंतीवर आली, आणि १२ मिमीनंतर भार पुन्हा चढत ६१ वर गेला. पीक गेलं नाही, पुढे सरकलं. आलेखाचे पहिले १० मिमी पाहून कुणी काम झालं म्हणेल. म्हणून पीक वाचताना संपूर्ण आलेखातला सर्वांत मोठा आकडा पाहावा, पहिलं शिखर नव्हे.

५ फेब्रुवारी

केंद्र टोकापासून ३० मिमीवर. कड आणि भोक यांत २० मिमीचा अखंड पट्टा. हा पट्टा वरचं कडं धरून ठेवतो, भोकाच्या रेषेवर घडी पडते, आणि वरचं कडं खालच्या घडीवर सरळ बसत जातं. आज पहिल्यांदाच सगळे तुकडे एकसारखे चेपले गेले.

दोन भिंतींत भोक: उरलेला काटछेद २३० वजा ४८, म्हणजे १८२ चौरस मिमी. गुणिले २९५ केलं की ५३.७. मोजलेलं पीक ५४ ते ५५.

चारही भिंतींत भोक: काटछेद १३४. गणिताने ३९.५, मोजलेलं ४१. कोपरे थंड अवस्थेत वाकवलेले असल्याने भिंतीपेक्षा जरा कडक असतात, जास्तीचा भार तिथला असावा.

सरासरी भार दोन्हींत २१ च्या आसपास. हे समजून घेण्यासारखं आहे. पाइप चेपताना बहुतेक ऊर्जा कोपऱ्यांत आणि घडीच्या रेषांत जाते. भिंतीच्या मधला माल पीकमध्ये पूर्ण हिस्सा उचलतो, पण नंतरच्या घड्यांत कमी. शिवाय भोकं फक्त पहिल्या घडीत आहेत, बाकीचा पाइप अखंडच आहे. म्हणून पीक ६९ वरून ४१ वर आलं तरी ऊर्जा जवळपास तशीच राहिली. सरासरी आणि पीक यांचं गुणोत्तर ०.३१ वरून ०.५१.

चार भोकांच्या तुकड्यांत कोणत्या दोन भिंती आत जाणार आणि कोणत्या बाहेर हे नक्की नसतं. काहींत शिवणीची भिंत आत गेली, काहींत बाहेर. भारात एका किलोन्यूटनचाही फरक नव्हता. जोडी लावताना मात्र जागा ठेवावी लागते, घडी प्रत्येक बाजूला साधारण १४ मिमी बाहेर येते.

९ फेब्रुवारी

हाताने चार-चार भोकं पाडण्यात फार वेळ जातो, म्हणून नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंगला दिलं. ट्यूब लेझर नव्हतं, साधं पत्र्याचं होतं. दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली, भोक कापताना आरपार गेलेल्या झोताने समोरच्या भिंतीच्या आतून काळे ठिपके आणि वितळलेले थेंब चिकटले. उपाय सोपा, आत एमएसची भंगार पट्टी घालायची. दुसरी जास्त महत्त्वाची. लेझर भोकाच्या कडेवर जिथे प्रवेश करतो तिथे एक बारीक खाच राहते. प्रोग्रॅममध्ये ती जागा घड्याळाच्या तीनवर होती, म्हणजे बरोबर घडीच्या आडव्या रेषेवर. पहिली घडी दुमडताना भोकाच्या डाव्या-उजव्या कडा सगळ्यात तीव्र वाकतात. खाच तिथेच असल्याने तिच्यातून भेग निघाली आणि कोपऱ्याच्या दिशेने १२ मिमी गेली. प्रवेश बारावर हलवायला सांगितला, भेग थांबली. ड्रॉइंगवर ही जागा खुणेने दाखवावी, तोंडी सांगून भागत नाही.

शिवणीच्या भिंतीवरचं भोक ही वेगळी कटकट. शिवण भोकाच्या मध्यातून गेली तर भोकाच्या वर आणि खाली शिवणीच्या आतल्या कडेचा तुकडा राहतो, तो कानशीने काढून टाकावा. शिवण भोकाच्या डाव्या किंवा उजव्या कडेला स्पर्श करत असेल तर मात्र तो तुकडा वापरू नये. घडीच्या तीव्र वाकण्याची आणि वेल्डची जागा एकच होते. आमच्या लॉटमध्ये शिवण भिंतीच्या मध्याजवळ होती, त्यामुळे थोडेच तुकडे बाजूला काढावे लागले.

१४ फेब्रुवारी

लांबीभर भोकं घेतली तर आलेख आणखी सपाट होईल का, ते पाहिलं. दोन भिंतींत १२ मिमीची आठ-आठ भोकं, २८ मिमी अंतराने. चढउतार कमी झाले, पण सरासरी १९.६ वर आली. वजन ४३५ ग्रॅम. किलोमागे ऊर्जा ७.१ वरून ६.८. अंतर ४० घेतलं तेव्हा घड्या आणि भोकं एकमेकांशी जुळेनात, एक घडी मोठी आणि पुढची अर्धवट. हा मार्ग सोडला.

२० फेब्रुवारी

आतापर्यंतचं सगळं मिनिटाला १० मिमीने. गाडी सेकंदाला ७ मीटरने येणार. पोलाद वेगाने ओढलं की कडक वागतं, त्यामुळे स्थिर चाचणीतल्या आकड्यांवर निर्धास्त राहता येत नाही.

चौकोनी पाइपच्या घडीतला विकृतीचा (मालाच्या ताणल्या-दबल्या जाण्याच्या प्रमाणाचा) वेग ०.३३ गुणिले वेग भागिले रुंदी असा धरतात. इथे सेकंदाला ४७. वेगामुळे ताकद किती वाढते ते सांगणाऱ्या कूपर–सायमंड्स समीकरणात मऊ पोलादासाठी नेहमीचे ४०.४ आणि ५ हे आकडे घातले तर भार दुप्पट येतो. ते यील्डजवळच्या छोट्या विकृतीचे आकडे आहेत, घडीतल्या मोठ्या विकृतीला लावले की फार फुगवून सांगतात. अब्रामोविच आणि जोन्स यांनी मोठ्या विकृतीसाठी वापरलेले ६८४४ आणि ३.९१ घातले, वाढ २८ टक्के आली. सरासरीसाठी हीच धरली.

दोन पाइप, सरासरी २१.३ प्रत्येकी, म्हणजे ४२.६. त्यावर २८ टक्के, ५४.५. मर्यादा ५८.९. बसतं, पण घट्ट.

पीक: दोन भिंतींतल्या भोकांचे दोन पाइप स्थिर चाचणीत १०९ देतात आणि ११७.७ च्या आत दिसतात. २८ टक्के वाढवले की १४० होतात. चार भिंतींचे दोन पाइप ८२, वाढवून १०५. पहिल्या पीकच्या क्षणी विकृती लहान असते, त्यामुळे तिथे वाढ २८ पेक्षा जास्तच धरावी. चार भिंतींच्या मापात ४३ टक्के वाढीपर्यंत जागा आहे. दोन भिंतींच्या मापात ८ टक्क्यांचीही नाही. त्यामुळे दोन भिंतींचं माप बाद. फक्त यूटीएमचा आकडा पाहून ते निवडलं गेलं असतं.

२६ फेब्रुवारी

जोडीची चाचणी. दोन पाइप, केंद्रांत ११० मिमी, मागे १.५ मिमीचा पोलादी पत्रा, वर ३ मिमीची पुढची प्लेट. यूटीएमची प्लेट दोन्ही पाइपांना पुरत नव्हती, म्हणून वर-खाली २५ मिमीचे जाड प्लेट ठोकळे घेतले. भोकांची बाजू पुढे, म्हणजे धडकेच्या अंगाला.

पहिल्या जोडीत पाइपाच्या बुडाला चारही बाजूंनी पूर्ण मिग वेल्ड मारला होता. कोपऱ्यावर अंडरकट (वेल्डशेजारी वितळून पडलेली खाच) पडला. पहिली घडी वर, भोकांवरच पडली, पण तिसऱ्यानंतर एका पाइपने बुडाकडून घडी सुरू केली आणि दुसऱ्याने वरूनच चालू ठेवली. वरची प्लेट कलली. दुसऱ्या जोडीत कोपरे सोडून प्रत्येक भिंतीच्या मध्यावर १५ मिमीचा टाका मारला, करंट कमी ठेवला. दोन्ही पाइप वरून खाली घडी-घडीने बसत गेले.

पीक ८३, सरासरी ४२.१, १७६ मिमीवर ७.४१ किलोज्यूल. १८२ च्या पुढे घड्या एकमेकींवर बसून भार उभा चढतो, तिथून पुढचं मोजायचं नाही. स्थिर चाचणीत फक्त ६ मिमीची सूट उरते. धडकेत सरासरी भार वाढल्यामुळे लागणारी लांबी १३५ मिमीच्या आसपास येते, त्यामुळे २५० ची लांबी तशीच ठेवली.

एक पाइप ५ मिमीने आखूड ठेवून दोन्हींची पीक वेगळी करायची सूचना आली होती. पीक उतरतं हे खरं, पण सुरुवातीलाच प्लेट लांब पाइपावर एका बाजूने टेकते. कलणारी प्लेट आणि एकाच पाइपावर सगळा धक्का, हे नको. दोन्ही लांबी ०.१ मिमीच्या आत सारख्या.

२ मार्च

गाडीवर बसवायच्या जोडीसाठी नवी लांबी लागणार, जुन्या लॉटमधला माल संपला. स्वीकारायच्या अटी लिहून दुकानात आणि वर्कशॉपमध्ये लावल्या:

भिंत चारही बाजूंनी १.१८ ते १.२२. सहा मीटरचं वजन १०.७ ते ११.१ किलो. शिवण भिंतीच्या मध्यापासून ५ मिमीच्या आत.

ताण चाचणीत यील्ड आणि अल्टिमेटची सरासरी ३१५ ते ३५०. खालची मर्यादा सगळ्यांना पटते, वरच्या मर्यादेवर दुकानदाराचा विश्वास बसत नाही. जास्त मजबूत माल देतोय तर घ्यायला काय हरकत, असं त्याचं म्हणणं. पण फ्लो स्ट्रेस ३६० झाला तर दोन पाइपांची सरासरी ४६.५ होते, धडकेत ५९.५, आणि ५८.९ ची अट मोडते. असा पाइप टेबल करायला उत्तम, या बॉक्सला नाही. नव्या लॉटच्या पट्ट्या आज चाचणीला दिल्या. आकडे येईपर्यंत लांबी कापायची नाही.